लिबरल आर्ट्सची पदवी: सोलापूर सोडून करायची की इथंच राहून?

जॅकार्ड_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. बारावीचा निकाल लागला की नात्यातल्या, गल्लीतल्या, शाळेतल्या लोकांचे फोन सुरू होतात. "तू ते काय शिकतेस, त्याला प्रवेश कसा मिळतो आणि पुढं काय होतं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं सविस्तर लिहिते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी, ज्यांना पटत नाही त्यांनीही मोकळेपणानं लिहावं.

मी लिबरल आर्ट्सच्या, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणाऱ्या आंतरविद्याशाखीय बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोलापूरबाहेर, शिष्यवृत्तीवर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बारावीपर्यंत मराठी माध्यम. मामांचे चादरीचे माग आहेत.

आमच्याकडे पहिल्या वर्षी विषय ठरवायचा नसतो. सगळ्यांना काही सामाईक पेपर असतात: लेखन, तर्क, संख्याशास्त्राची ओळख, समाज आणि इतिहास, पर्यावरण. त्यानंतर एक मुख्य विषय आणि एक दुय्यम. शेवटच्या वर्षी एकच मोठा प्रकल्प, त्यात निदान दोन विषयांच्या पद्धती वापराव्याच लागतात. माझा मुख्य विषय अर्थशास्त्र, दुय्यम इतिहास, आणि प्रकल्प सोलापुरी चादर.

चादर का, ते जरा विस्तारानं सांगते. या पदवीत नेमकं काय शिकवतात ते मला तिथंच कळलं.

मामांच्या कारखान्यात मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेलं आहे. पुठ्ठ्याची लांबट कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून त्यांची माळ केलेली असते आणि ती माळ वर फिरत राहते. कार्डाला भोक असेल तिथला आकडा (हूक) वर जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. मधून आडवा धागा जातो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. मोर काढायचा असेल तर आधी आलेखाच्या कागदावर चौकट चौकट रंगवायची आणि मग त्यावरून भोकं पाडायची. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेत तो दोष प्रत्येक चादरीत तसाच उतरतो. डिझाइन करणारे काका सातवी शिकलेले आहेत, पण नक्षी किती आकड्यांत बसेल आणि किती वेळा परत येईल याचा भागाकार तोंडी करतात.

हे यंत्र फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास सिद्ध केलं. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डं घेतली. १८४३ साली एडा लव्हलेसनं त्या यंत्रावरच्या टिपांत लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. म्हणजे साखर पेठेतल्या चादरीच्या मोराचं आणि संगणकाच्या प्रोग्रॅमचं मूळ एकाच ठिकाणी आहे. हे मला गणिताच्या सरांनी शिकवलं, इतिहासाच्या नाही.

मग अर्थशास्त्र आलं. सुताचा भाव, विजेचं बिल, पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांशी स्पर्धा. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर बनलेला माल 'सोलापुरी' म्हणून खपतो आणि मागवाल्याच्या हातात वाढीव काही पडत नाही, असं का? मग समाजशास्त्र. तेलंगणातून आलेली पद्मशाली म्हणजे विणकर समाजाची कुटुंबं, पुरुष मागावर आणि त्याच घरात बाई विड्या वळते. दोघांच्या मजुरीचा हिशोब एकत्र मांडल्याशिवाय घर कसं चालतं ते समजत नाही. मग रंगाचं सांडपाणी आणि कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा त्रास, म्हणजे रसायनशास्त्र आणि आरोग्य.

एकाच विषयाच्या वर्गात यातला एकच तुकडा हाती लागला असता. माझं म्हणणं एवढंच आहे: या पदवीची किंमत माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीवर ठरत नाही. ते विषय एखाद्या खऱ्या गोष्टीवर एकत्र आणायला लावतात का, आणि तुम्ही लिहिलेलं कुणी लाल पेनानं तपासून परत देतं का, यावर ठरते. हे जिथं होतं ते कॉलेज चांगलं. ते सोलापुरात असलं तरी, पुण्यात असलं तरी, बंगळुरूत असलं तरी.

---

जुळे_सोलापूर_आई

छान लिहिलंस गं. अगदी वेळेवर धागा काढलास. माझ्या मुलीचं बारावी सायन्स झालं, गुण बरे आहेत. तिला इंजिनीअरिंगला जायचं नाही, नीटही द्यायची नाही. जीवशास्त्र आवडतं, इतिहास आवडतो, चित्रं काढते. पुण्यातल्या दोन ठिकाणांची माहिती तिनं काढलीय. फी वर्षाला काही लाखांत जाते, राहणं-खाणं वेगळं. तीन-चार वर्षांचा हिशोब मांडला की छातीत धस्स होतं. माझे मिस्टर नोकरीत आहेत, पण कर्ज काढावंच लागेल.

सासरी तर "सायन्सला एवढे मार्क आणि आर्ट्सला घालणार?" हे सुरू झालंय. मला तिच्या आवडीची किंमत आहे, पण पदवी हातात आल्यावर ती स्वतःच्या पायावर उभी राहील का, हेही मलाच बघायचंय. कुणीतरी खरं खरं सांगा.

---

सातरस्ता

मी मेकॅनिकल इंजिनीअर, पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायच्या समितीवर असतो. मूळचा सोलापूरचाच. ताईंना खरं हवंय म्हणून सरळ लिहितो.

मुलाखतीला अशी पदवी घेतलेली मुलं येतात. बोलतात चांगलं, वाचलेलं असतं, प्रश्नही चांगले विचारतात. पण एखाद्या विषयात खोल गेलो की खाली जमीनच नसते. मानसशास्त्राचे दोन पेपर, अर्थशास्त्राचे दोन, चित्रपटाचा एक, डेटाचा एक. "यातलं तुला नक्की काय येतं?" यावर गप्प. अठरा-एकवीस हे वय एखादी गोष्ट रगडून शिकायचं आहे, ते परत येत नाही. सगळं थोडं थोडं चाखायला पुढं आयुष्य पडलंय की.

मूळ लेखिकेनं चादरीचं जे लिहिलंय ते मनापासून आवडलं. पण तिच्याकडं मामांचा कारखाना होता आणि अर्थशास्त्र मुख्य विषय होता. ज्या मुलाकडं यातलं काहीच नाही त्याचं काय, हे सांगा की.

---

जॅकार्ड_पूर्वभाग

दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे. अशी मुलं माझ्या वर्गातही आहेत. सहा सत्रांत सहा दिशांना गेली आणि आता प्रकल्पाला विषय सापडत नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. मुख्य विषयाचे पेपर एकमेकांवर रचलेले आहेत का? म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पेपर पहिल्या वर्षाचा केल्याशिवाय घेताच येत नाही, असं आहे का? तसं असेल तर खोली आपोआप येते. सगळे पेपर केव्हाही कुणीही घेऊ शकतं अशी रचना असेल तर ती पसरटच राहणार. आणि दुसरं, गणित किंवा संख्याशास्त्र सक्तीचं किती आहे? आमच्याकडे सांख्यिकी सुटत नाही. पहिल्या सत्रात त्यावर वर्गातल्या कितीतरी जणांनी रडून घेतलं, पण आज प्रकल्पातली मजुरीची आकडेवारी मी स्वतः मांडते ती त्याच्याच जिवावर. पुढं अर्थशास्त्रात एमए करायचं असेल तर गणित सोडणं म्हणजे दार बंद करून घेणं आहे.

मामांच्या कारखान्याबद्दल: तो नसता तर मी विडी घेतली असती, नाहीतर उजनीचं पाणी. सोलापुरातल्या मुलाला विषयाची वाण नाही.

---

निवृत्त_मास्तर

मी महाविद्यालयात अनेक वर्षं इतिहास शिकवला. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

'आर्ट्स' म्हटलं की गणितापासून सुटका, हा आपल्याकडचा समज या शिक्षणाच्या मूळ कल्पनेच्या अगदी उलट आहे. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्या मानल्या जात त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन पायाच्या, आणि पुढच्या चार म्हणजे अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. म्हणजे सातांतल्या चार मोजणीच्याच. संगीतसुद्धा तिथं स्वरांमधल्या प्रमाणांचं शास्त्र म्हणून शिकवत. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठानं १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतर, सगळ्या विद्यार्थ्यांना समकालीन संस्कृतीचा एक सामाईक अभ्यासक्रम लावला. त्यामागे विचार असा होता की डॉक्टर होणाऱ्या किंवा वकील होणाऱ्या मुलालाही युद्ध आणि शांतता म्हणजे काय ते कळलं पाहिजे.

आता आपल्याकडचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. वर्षाला ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, आणि ओपन इलेक्टिव्ह असतात. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे बीएस्सीच्या मुलाला कला किंवा वाणिज्य शाखेतलं काहीतरी शिकावंच लागतं आणि बीएच्या मुलीला विज्ञानातलं किंवा वाणिज्यातलं. शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं. पुढं चार वर्षं पूर्ण केली तर एमए किंवा एमएस्सी एका वर्षात होतं.

जुळे सोलापूरच्या ताई, माझं सांगणं हे की जे घ्यायला लोक लाखो रुपये मोजतात त्याचा सांगाडा आज कागदावर आपल्या सोलापूरच्या प्रत्येक महाविद्यालयात आहे. सांगाड्यावर मांस चढवणं शिक्षकाच्या हातात आहे, आणि तिथं आपण कमी पडतो हेही खरं. ओपन इलेक्टिव्ह कुठलं ठेवायचं हे बऱ्याच ठिकाणी मुलांच्या गरजेवर ठरत नाही, कुणाचा वर्कलोड भरायचा राहिलाय त्यावर ठरतं. मला याची फार चीड येते. धोरण करणाऱ्यांनी दार उघडलं आणि आपण त्यात कपाट लावलं.

मी एक स्वाध्याय द्यायचो. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे सोलापूरच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. मी सांगायचो, पाठ आहे ते बाजूला ठेवा. हा खटला वकिलाच्या नजरेनं लिहा: लष्करी कायदा लागला की नागरिकाचे कुठले हक्क थांबतात? मग गिरणी कामगाराच्या नजरेनं: त्या दिवसांत गिरण्या बंद असताना घरी चूल कशी पेटली असेल? मग हुतात्मा चौकात जा, पुतळ्यांसमोर अर्धा तास उभे राहा आणि लोक तिथं काय करतात ते टिपून आणा. एका मुलीनं लिहून आणलं होतं की अर्ध्या तासात पुतळ्यांकडं मान वर करून पाहणारी एकच व्यक्ती दिसली, रिक्षावाला, आणि त्यानं हात जोडले. ती मुलगी वाणिज्य शाखेची होती. असल्या स्वाध्यायाला अधिकचा पैसा लागत नाही.

---

केगाव_एसवाय

सरांनी जे वर्कलोडचं लिहिलं ते शंभर टक्के. मी सोलापुरातच एसवायबीएला आहे, मेजर राज्यशास्त्र. मला मायनर संख्याशास्त्र पाहिजे होतं. नियमात बसतंय म्हणाले, पण लेक्चर मेजरच्या लेक्चरला आदळायलंय. शेवटी जे मिळालं ते घेतलं. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं, काढला, त्यात क्रेडिट दिसतात, पण दुसऱ्या कॉलेजातला एखादा पेपर घेऊन ते क्रेडिट इथं जमा करता येतात का, हे विचारलं तर कुणालाच सांगता येईना.

पण एक चांगलं झालं ते पण सांगतो. फील्ड प्रोजेक्टला आम्ही चौघांनी पाणी घेतलं. उजनी एवढं मोठं धरण आपल्या जिल्ह्यात आणि शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, हे लहानपणापासून बघतोय, पण का म्हणून कधी विचारलं नव्हतं. भूगोलाच्या मॅडमनी नकाशा करायला शिकवलं, आमचे सर महापालिकेचं बजेट वाचायला शिकवले. धरण भीमेवर, शहर लांब, मधी जलवाहिनी, आणि वाटेत ऊस. पर्जन्यछायेचा जिल्हा आणि एवढे साखर कारखाने! एका गल्लीत आम्ही घराघरांत जाऊन विचारलं: पाणी किती वाजता येतं, कोण भरतं, किती भांडी आहेत? सगळीकडं बायाच भरायल्या. रात्री दोनला पाणी आलं तर दोनला उठतात आणि सकाळी विड्यांचा हिशोब द्यायला कारखान्यात. नकाशात हे दिसत नाही, बजेटमधी तर अजिबात नाही. ते प्रोजेक्ट लिहून झाल्यावर मला राज्यशास्त्र कशाला शिकतोय ते कळलं.

---

माळढोक_प्रेमी

@जुळे_सोलापूर_आई, मुलीला जीवशास्त्र आणि इतिहास दोन्ही आवडतं म्हणालात म्हणून लिहितो. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय आणि गवताळ माळरानांवर काम करतो.

तिला एकदा नान्नजला घेऊन जा. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. पक्ष्यासाठी म्हणून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्यात धरलं गेलं, त्यात गावं आली, शेतं आली, सोलापूर शहराचाही भाग आला. लोकांना जमिनीचे व्यवहार करायला अडचणी. कोर्टकचेऱ्या होऊन पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. एवढं करून माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला. हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही एका वेळी बहुधा एकच. त्याला उघडा माळ लागतो. आपण माळाला 'पडीक' म्हणतो आणि तिथं झाडं लावून मोकळे होतो. त्याला वाचवायला नुसतं प्राणिशास्त्र पुरलं नाही. जमिनीचा कायदा, मेंढपाळांचा इतिहास आणि शेतकऱ्याचा विश्वास हे सगळं लागत होतं, आणि हे सगळं येणारी माणसं आपल्याकडं फार थोडी होती. तुमच्या मुलीसारख्या मुलींची गरज आहे, हे मी मनापासून सांगतो.

पण एक सावधगिरी. तिला जीवशास्त्र खरोखर करायचं असेल तर प्रयोगशाळा बघूनच प्रवेश घ्या. लिबरल आर्ट्सच्या ठिकाणी विज्ञान बहुधा ओळखीपुरतं असतं. सूक्ष्मदर्शक किती, प्रॅक्टिकल आठवड्याला किती, नमुने जपून ठेवलेत का, हे स्वतः बघा. कधी कधी बीएस्सी करून बाजूनं इतिहास शिकणं हे उलट्या मार्गापेक्षा बरं पडतं. प्रयोगशाळा नंतर भरून काढता येत नाही, वाचन येतं.

---

तुळजापूर_रस्ता

सोलापूरकरांना हाकेच्या अंतरावरचं एक नाव कुणी घेतलं नाही म्हणून आठवण करतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरला आवार आहे, आपल्यापासून तास-दीड तास. ते लिबरल आर्ट्स म्हणवत नाहीत, समाजकार्य आणि ग्रामीण विकासावर भर आहे. पण विषय एकमेकांत मिसळून गावात नेऊन उभं करायचं काम तिथं फार नेटानं चालतं. पदवीचा प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मराठी माध्यमाच्या मुलांना हे माहीतच नसतं. आत गेल्यावर वाचन मात्र इंग्रजीतलंच.

---

विडीघरकुल_कन्या

इंग्रजीचा विषय निघाला म्हणून लिहायला आले. माझं घर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आई विड्या वळायची, शाळा तेलुगू आणि मग मराठी. मी अशीच पदवी घेऊन आता एका सामाजिक संस्थेत माहिती-विश्लेषणाचं काम करते.

पहिल्या वर्षी वाचायला वीस पानं दिली की मला पहाट व्हायची. बाकीची मुलं वर्गात हात वर करायची, मला प्रश्न कळेपर्यंत पुढचा विषय सुरू. एका बाईंनी मला सांगितलं, आधी मराठीत लिही, तुझं म्हणणं काय आहे ते कळू दे, मग आपण दोघी मिळून ते इंग्रजीत आणू. पूर्ण एक सत्र त्यांनी माझ्यासोबत हे केलं. माझं म्हणणं कच्चं नव्हतं, फक्त भाषेत अडकलेलं होतं. ज्या कॉलेजात अशी एक तरी बाई आहे तिथं मुलीला पाठवा. नसेल तर तिथं इमारत कितीही देखणी असली तरी नको.

आणि ताई, कर्जाबद्दल. मी कर्ज न काढता शिकले, कारण काही संस्था कुटुंबाच्या उत्पन्नावरून मदत ठरवतात. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि हरियाणातलं अशोका विद्यापीठ, दोन्हीकडं गरजेप्रमाणे फी माफीची सोय आहे, पूर्ण माफीपर्यंत. अर्जाच्या वेळीच कागदपत्रं द्यावी लागतात, नंतर मागून उपयोग होत नाही. आपल्या राज्याच्या शुल्क सवलतीच्या योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना बऱ्याचदा लागू होत नाहीत, हे आधी नीट समजून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका घरानं शिष्यवृत्ती मिळेलच असं धरून प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी दागिने मोडावे लागले.

सुरुवातीचा पगार इंजिनीअरपेक्षा कमी असतो. मोठं कर्ज डोक्यावर असेल तर मुलगी आवडीचं काम सोडून हप्ता भागेल ते काम धरते, मग ही पदवी घेतली कशाला? हा माझा सगळ्यात कळकळीचा मुद्दा आहे.

---

राज्यसेवा_नवी_पेठ

स्पर्धा परीक्षेच्या अंगानं थोडक्यात. यूपीएससी आणि राज्यसेवेला कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते, त्यामुळं ही पदवी 'चालते का' ही भीती नको. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, निबंध आणि उत्तरं लिहावी लागतात. ज्याला तीन वर्षं लिहायची सवय आहे त्याला फायदा होतो. मात्र शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर जपून. बीएडची मेथड, म्हणजे कुठला विषय शिकवायला शिकायचं ते, पदवीच्या विषयावर ठरते. पदवीच्या कागदावर शाळेत शिकवला जाणारा विषय स्पष्ट दिसला पाहिजे.

---

सातरस्ता

विडीघरकुल ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "म्हणणं कच्चं नव्हतं, भाषेत अडकलेलं होतं" हे मुलाखत घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं असं आहे. मी ठेवेन.

माझं मत पूर्ण बदललं नाही. पण त्या एसवायच्या पोराचं पाण्याचं काम वाचून एक सांगतो. असं काम हातात घेऊन कुणी माझ्यासमोर आलं तर पदवीचं नाव मी विचारणार नाही. गल्ली कशी निवडली, किती घरं, आकडे कसे ताडून पाहिले, हेच विचारीन. म्हणून मुलांनो, प्रकल्प नुसता जमा करून सोडू नका. नीट टाईप करा, नकाशे लावा, जपून ठेवा. आणि संख्याशास्त्राचा वर्ग वेळापत्रकात बसत नसेल तर बाहेरून शिका, पण शिका.

@केगाव_एसवाय, तुझा तो प्रकल्प वाचायला देशील का? मला खरंच वाचायचाय.

---

केगाव_एसवाय

देतो की दादा. मराठीत आहे, चालेल ना? घरांची यादी काढून टाकून पाठवतो, लोकांची नावं आहेत त्यात.

---

जुळे_सोलापूर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. नान्नजचं वाचून ती तिथंच थांबली आणि तिनं नकाशा उघडला. या रविवारी आम्ही तिकडं जाणार आहोत.

आमचं सध्या असं ठरतंय: कर्ज काढून पुण्याला पाठवायचं नाही. बंगळुरूचा अर्ज उत्पन्नाच्या कागदांसह भरायचा. तो झाला तर उत्तम. नाही झाला तर सोलापुरातच बीएस्सी प्राणिशास्त्र, आणि ओपन इलेक्टिव्हला इतिहास. त्यासाठी सोमवारपासून दोन-तीन कॉलेजांत जाऊन विचारणार आहे. काय काय विचारू? मास्तर, तुम्हीही सांगा.

---

निवृत्त_मास्तर

ताई, प्राचार्यांकडं जाण्याआधी विभागात जा. गेल्या वर्षी ओपन इलेक्टिव्ह म्हणून प्रत्यक्षात काय काय चाललं त्याची यादी मागा, यंदा काय चालणार त्याची नको. फील्ड प्रोजेक्टचे जुने अहवाल दाखवा म्हणा. ते कपाटातून काढून दाखवले आणि त्यावर शिक्षकाच्या अक्षरातले शेरे असले तर तिथं शिक्षण चालू आहे. आणि मुलीला सोबत न्या, बोलू द्या तिलाच.

---

जॅकार्ड_पूर्वभाग

मास्तरांनी सांगितलं तेच. शिवाय प्रॅक्टिकलचं वेळापत्रक आणि ओपन इलेक्टिव्हचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा, एसवायच्या मित्रासारखं आदळायला नको. बंगळुरूला प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते. त्यासाठी काही वेगळं पाठ करायचं नाही. नान्नजहून आल्यावर तिनं जे पाहिलं ते दोन पानं मराठीत लिहून काढू दे. हवं असेल तर मला पाठवा, मी वाचून शेरे लिहून परत पाठवते. इंग्रजीत आणायचं काम पुढच्या आठवड्यात करू.